मालिकेतला नट दिग्दर्शक कसा होतो?

गोदाकाठी: नाशिकच्या कालिदास नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेला कामं केली, मालिकेत ‘हो साहेब’छाप रोलही झाले. आता शॉर्टफिल्मची खाज सुटलीय. नटाला कॅमेऱ्यामागे कोणी उभं करतं का?

कॉलेजरोडकर: ब्रिटिश नट-दिग्दर्शक डेक्स्टर फ्लेचर बघ. १९७६ ला ‘बग्सी मलोन’मध्ये बालकलाकार, १९८९ पासून ब्रिटिश टीव्हीवर ‘प्रेस गँग’. स्वतःचा पहिला सिनेमा ‘वाइल्ड बिल’ थेट २०११ ला! बाप तुरुंगातून सुटून येतो, तर आई सोडून गेलेली नि पोरं आपापलं निभावतायत. बजेट छोटं, नट मात्र एकेक कसलेले. इतकी वर्षं सेटवर काढल्यावर फोन उचलणारी माणसं असतात रे, खरं भांडवल तेच.

सातपूरचा: ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या २०१८ च्या सिनेमाचंही सांग की. दिग्दर्शकाला मध्येच काढलं, उरलेलं फ्लेचरने पुरं केलं, पण दिग्दर्शक म्हणून नाव पहिल्याचंच लागलं.

कॉलेजरोडकर: हो, आणि पुढच्याच वर्षी, २०१९ ला, ‘रॉकेटमन’ त्याच्या स्वतःच्या नावावर.

गोदाकाठी: नाव न लागता काम? आमच्या ग्रुपात पडदा ओढणाराही जाहिरातीत नाव मागतो. असो, रामकुंडावर पहाटे शूट करायचंय, साउंडवाला आहे का कोणी?

सातपूरचा: मी येतो. चहा-मिसळ तुझ्याकडे.