मदत हवी आहे: लॅपटॉपला बाहेरचे स्पीकर लावले, आवाजच नाही (दिवाळी लाइटिंग, नागपूर)

गच्चीवाला_मानेवाडा
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. घराच्या गॅलरीला आणि कंपाउंडला पिक्सेल एलईडी (प्रत्येक दिवा वेगळा चालवता येतो ते) लावले, लॅपटॉपवर एक्सलाइट्स या लाइट शोच्या सॉफ्टवेअरमध्ये गाण्यावर सिक्वेन्स बसवला, लाइट एकदम मस्त चालून राहिले. आता फक्त गाणं बाहेर ऐकू यायला पायजे. त्यासाठी दोन आउटडोअर स्पीकर आणले, भिंतीला ठोकले, वायर खिडकीतून आत घेऊन लॅपटॉपला लावली तर डासासारखा आवाज येऊन राहिला, फुल व्हॉल्यूमवर. लॅपटॉप ठीक आहे, हेडफोनवर दणदणीत वाजते. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणते लॅपटॉप खराब. धनत्रयोदशीला सगळे पाहुणे येऊन राहिले, त्याच्या आत झालं पायजे. काय विकत घेऊ तेवढं सांगा.

सोल्डर_आणि_तार
भाऊ, स्पीकर कोणते? त्यांना लाइटचा प्लग आहे का? मागे काय लिहिलंय? आणि वायर "लावली" म्हणजे कशी, दोन उघड्या तारा हेडफोनच्या भोकात कशा गेल्या?

गच्चीवाला_मानेवाडा
आउटडोअर स्पीकर आहेत ना, पांढरे, भिंतीवरचे. जुन्या हेडफोनची पिन कापून वायरला जोडली. प्लग वगैरे काही नाही.

लॅपटॉप_क्लिनिक
डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ऑडिओ ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा. विंडोज अपडेटनंतर हा प्रॉब्लेम खूप जणांना येतो. एन्हान्समेंट्स पण बंद करा.

सोल्डर_आणि_तार
हेडफोनवर दणदणीत वाजतंय असं त्यांनी लिहिलंय. ड्रायव्हरचा इथे काही संबंध नाही.

वायरलेसप्रेमी
वायरच्या भानगडीत पडताच कशाला? ब्लूटूथचा मोठा पार्टी स्पीकर घ्या, गॅलरीत ठेवा, विषय संपला. माझ्याकडे आहे, चार घरांपर्यंत ऐकू जातो.

गच्चीवाला_मानेवाडा
ब्लूटूथ आधीच करून पाहिलं. ढोल उशिरा वाजतो आणि लाइट त्याच्या आधीच पेटून मोकळे. एकदम बेकार दिसते. म्हणूनच तर वायरवाले आणले.

वायरलेसप्रेमी
मग सॉफ्टवेअरमध्ये लाइट तेवढे उशिरा करा. सोपं आहे.

एलईडी_ताई
इतकं सोपं नाही ते. साध्या ब्लूटूथला साधारण १५० ते २५० मिलिसेकंदांचा उशीर लागतो आणि तो दर वेळी सारखा नसतो. एकदा डिस्कनेक्ट होऊन परत जोडलं की बसवलेला हिशोब गेला. मी पण गॅलरीत डब्ल्यूएलईडी (एलईडी चालवायचं सॉफ्टवेअर) लावून दरवर्षी करते, आवाज वायरनेच घेते. आवाज हवेत सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे रस्त्यावर १५ मीटरवर उभ्या माणसाला तसाही ४४ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तेवढं डोळ्याला खटकत नाही, २०० खटकतं.

परदेशी_पाहुणा
अमेरिकेत ख्रिसमसच्या लाइटिंगला लोक छोटा एफएम ट्रान्समीटर लावतात, बघणारे गाडीत बसून रेडिओवर गाणं ऐकतात. शेजाऱ्यांना त्रास नाही, स्पीकर नाही, काही नाही. तेच का नाही करत?

एलईडी_ताई
कारण आपल्याकडे लायसन्सशिवाय एफएमवर प्रसारण करता येत नाही. सणासुदीला ही भानगड नको.

महालचा_साउंडवाला
माझं पंचवीस वर्षांपासून गणपती आणि लग्नाचं साउंडचं काम आहे म्हणून सांगून राहिलो. या स्पीकरला अॅम्प्लिफायर लागते. लॅपटॉपच्या हेडफोन पिनमधून मिलिवॉट निघते, तेवढ्यात कानातले हलते, भिंतीवरचे नाही. दुकानदारानं विकताना सांगायला पायजे होतं. पीए अॅम्प्लिफायर (सभा-मंडपात लावतात तो) घ्या, १०० व्होल्ट लाइनवर (लांब तारेसाठी जास्त व्होल्टवर आवाज पाठवायची पद्धत) टाका, जन्मभर टेन्शन नाही.

सोल्डर_आणि_तार
अॅम्प्लिफायर लागणार हे बरोबर, पण १०० व्होल्टवर टाका असं स्पीकर न बघता कसं सांगता? साधा ८ ओहमचा असेल आणि १०० व्होल्टच्या स्क्रूला जोडला तर पहिल्याच गाण्याला जळेल. गच्चीवाला भाऊ, स्टूल घ्या, वर चढा, मागचं स्टिकर वाचून जसंच्या तसं इथे लिहा.

प्रतापनगरचे_काका
हे सगळं करताना शेजारीपाजारी आहेत याचं भान ठेवा ही विनंती. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आमच्या गल्लीत मागल्या दिवाळीत रात्री बारापर्यंत गाणी सुरू होती, माझ्या आईचं वय नव्वद आहे, तिला रात्रभर झोप नाही. हौस करा, पण दहाला बंद करा.

गच्चीवाला_मानेवाडा
काका, आमचा शो साडेसात ते नऊ, नऊला बंद. शेजारच्या काकूंना आधीच विचारलं आहे.

फुटाळा_फॅन
कोणी फुटाळ्याच्या म्युझिकल फाउंटनचा शो पाहिला का? पाणी आणि लाइट गाण्यावर कसे बसवले असतील? त्याच प्रकारचं सॉफ्टवेअर असते का?

एलईडी_ताई
तत्त्व तेच, टाइमलाइनवर सगळं बसवायचं. पण इथे आधी यांचे स्पीकर चालू होऊ द्या.

गच्चीवाला_मानेवाडा
चढलो बाप्पा. लिहिलंय: ३० वॉट, १०० व्होल्ट, ८ ओहम. खाली एक गोल खटका आहे, स्क्रूड्रायव्हरने फिरते, त्याच्यावर ३०, १५, ७.५ आणि ८ ओहम असे आकडे. दोन्हीवर बाण ३० कडे आहे. हे काय असते?

सोल्डर_आणि_तार
हाच कळीचा मुद्दा होता. तुमच्या स्पीकरच्या आत ट्रान्सफॉर्मर आहे. खटका ३० वर असताना तो १०० व्होल्ट लाइनचा स्पीकर होतो, त्याचा इम्पीडन्स (अॅम्प्लिफायरच्या करंटला होणारा अडथळा) निघतो १०० गुणिले १०० भागिले ३०, म्हणजे जवळपास ३३३ ओहम. या अवस्थेत घरातला साधा स्टिरिओ अॅम्प्लिफायर लावला असता तरी आवाज दबकाच आला असता आणि तुम्ही अॅम्प्लिफायरलाच शिव्या दिल्या असत्या. खटका ८ ओहमवर नेला की ट्रान्सफॉर्मर बाजूला होतो आणि स्पीकर थेट जोडला जातो. आता सांगा, घरात किंवा नात्यात कोणाकडे जुना अॅम्प्लिफायर पडला आहे का? आणि स्पीकरपासून लॅपटॉपपर्यंत वायर किती लांब?

महालचा_साउंडवाला
८ वर कायले नेता? दोन्ही ३० वरच राहू द्या, ६० वॉटच्या वरचा पीए अॅम्प्लिफायर आणा, मागच्या १०० व्होल्ट स्क्रूला दोन्ही समांतर लावा. उद्या चार स्पीकर वाढवले तरी चालते, फक्त वॉटची बेरीज अॅम्प्लिफायरच्या खाली ठेवायची. शाळेत, देवळात, रेल्वे प्लॅटफॉर्मवर हेच असते.

सोल्डर_आणि_तार
दादा, तुमचं चूक नाही, पण प्लॅटफॉर्मवर तार शेकडो मीटर जाते म्हणून तिथे १०० व्होल्ट. यांची तार दहा-बारा मीटर असेल. एवढ्याला ८ ओहम पुरतं, आणि अशा छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून ढोलाचा बास दबतो तो वेगळाच.

महालचा_साउंडवाला
बास पायजे तर मग मान्य. पण एक ८ वर आणि एक ३० वर असं ठेवू नका, आणि ८ वर ठेवून १०० च्या स्क्रूला हात लावू नका. मी जळालेले स्पीकर दर गणपतीत पाहतो.

गच्चीवाला_मानेवाडा
वायर एका बाजूला १२ मीटर, दुसऱ्या बाजूला ७. मामाकडे जुना स्टिरिओ अॅम्प्लिफायर आहे, मागे ४ ते १६ ओहम लिहिलं आहे, लाल-पांढऱ्या पिनांचं ऑक्स (बाहेरून आवाज आत घ्यायची जागा) आहे. आजच आणतो. वायर लाइटच्या माळेची बारीकवाली आहे, चालते का?

सोल्डर_आणि_तार
मग विकत घ्यायचं फार काही उरलं नाही. दोन्ही खटके ८ ओहमवर. डावा स्पीकर डाव्या टर्मिनलला, उजवा उजव्या, दोन्ही एकाच टर्मिनलला समांतर लावू नका, ४ ओहम होतील आणि जुन्या अॅम्प्लिफायरला उगाच ताप. वायर बदला, दीड स्क्वेअर एमएमची दोन तारांची घ्या. बारीक वायरमध्ये १२ मीटरला जाऊन-येऊन एक ओहमच्या आसपास खर्च होतो, ८ मधला एक म्हणजे थोडा नाही. लॅपटॉप ते अॅम्प्लिफायर ३.५ एमएम टू आरसीए केबल (एका टोकाला हेडफोनची पिन, दुसऱ्याला लाल-पांढऱ्या पिना), ती कापलेली पिन फेकून द्या. आणि स्पीकरची वायर मेनच्या वायरसोबत एकाच पट्टीत बांधू नका.

एलईडी_ताई
माझी एक भर. स्पीकर घराच्या दोन टोकांना असतील तर रस्त्यावरच्या माणसाला एकच बाजू ऐकू येते. विंडोजच्या अॅक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओ सुरू करा, दोन्हीकडे पूर्ण गाणं येईल. व्हॉट्सअॅपचे नोटिफिकेशनचे आवाज पण बंद करा, नाहीतर आरतीच्या मध्ये टिंग वाजेल आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल.

गच्चीवाला_मानेवाडा
वाजलं!! ढोल अंगणात ऐकू येते तसा बाहेर येऊन राहिला. पण गाणं थांबलं की "घूंऽऽ" असा आवाज. काऊन?

सोल्डर_आणि_तार
लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घूं गेली का?

गच्चीवाला_मानेवाडा
गेली! पण बॅटरी तासभरच चालते.

वायरलेसप्रेमी
चार्जरच्या प्लगची मोठी पिन, अर्थची, तेवढी चिकटपट्टीने बंद करा. सगळे करतात.

सोल्डर_आणि_तार
हे अजिबात करू नका. बाहेर ओल असते, पोरं अंगणात असतात, अर्थिंग काढायचं म्हणजे जीवाशी खेळ. लॅपटॉप आणि अॅम्प्लिफायर दोघांनाही वेगवेगळ्या वाटेने अर्थ मिळते आणि त्यातून गुणगुण येते. आधी दोघांचे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा. तरी राहिली तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते, आत दोन ट्रान्सफॉर्मर असतात, ती ऑक्स केबलच्या मध्ये लावायची.

माळा_हव्यात
भाऊ, पिक्सेल १२ व्होल्टचे घेतले की ५ चे? आणि एका एसएमपीएसवर (माळेच्या पॉवर सप्लायवर) किती लागतात? मला पण गॅलरीला लावायचे आहेत.

गच्चीवाला_मानेवाडा
@सोल्डर एकाच बोर्डावर लावलं, घूं बरीच कमी झाली, डबी लावली तर पूर्ण गेली. @माळा १२ चे घेतले, ५ मध्ये लांब माळ शेवटी लालसर पडते, तुम्ही वेगळा धागा काढा, सगळं सांगतो. आता एकच राहिलं, लॅपटॉपचं झाकण बंद केलं की सगळंच बंद पडते.

एलईडी_ताई
कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे "झाकण बंद केल्यावर" समोर "काहीच करू नको" निवडा, बॅटरी आणि चार्जर दोन्ही रकान्यांत. स्लीप पण "कधीच नाही" करा. आणि लॅपटॉप पलंगावर ठेवू नका, झाकण बंद असताना गरम होतो, टेबलावर ठेवा.