व्हॅन बास्टेन 28व्या वर्षीच कसा काय संपला?

सांगलीकर_10
मंडळी, युरो 88च्या (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या) फायनलमधला तो व्हॉली, म्हणजे बॉल हवेत असतानाच मारलेला शॉट, सगळ्यांसारखा मीपण कितीतरी वेळा बघितलाय, पण परवा डच फॉरवर्ड मार्को व्हॅन बास्टेनचं पूर्ण करिअर वाचायला घेतलं आणि डोकंच चक्रावलं. बॅलन डी'ओर, म्हणजे युरोपातल्या वर्षाच्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, तीन वेळा, 88, 89 आणि 92. आणि तो तिसरा मिळाल्यावर पुढच्याच मे महिन्यात शेवटची मॅच! वय फक्त 28. निवृत्ती जाहीर केली थेट ऑगस्ट 95 मध्ये, म्हणजे मधली दोन वर्षं नुसती घोटा बरा व्हायची वाट बघण्यात गेली. बऱ्याच ठिकाणी लिहिलंय की 93च्या चॅम्पियन्स लीग फायनलला समोरच्या मार्से क्लबच्या बोलीने मागून टॅकल मारला आणि खेळ खल्लास. खरंच एका टॅकलने एवढं होतं का? त्या काळातलं मिलान, त्याचा इटलीतला क्लब, बघितलेलं कोणी असेल तर जरा सविस्तर सांगा.

जुना_मिलानवाला
बोलीचा टॅकल शेवटचा घाव होता, पहिला नव्हे. दुखणं सुरू झालं डिसेंबर 86 मध्ये, हॉलंडच्या अयाक्स क्लबला असताना, ग्रोनिंगनविरुद्ध. त्यात टॅकल मारायला गेला होता हा स्वतःच, समोरच्याला अडवताना याचाच घोटा गेला. तेव्हा कोच होता योहान क्रायफ. त्यांच्यात असं ठरलं की लीगच्या काही मॅच सोडल्या तरी चालतील पण युरोपातल्या मॅच खेळायच्या, आणि पोरगा तसाच खेळला, मे 87 ला अथेन्समध्ये लोकोमोटिव्ह लाइपझिगविरुद्ध कप विनर्स कपची फायनल याच्याच हेडरवर 1-0 जिंकले. मला क्रायफ प्रचंड आवडतो पण हा निर्णय चुकलाच असं माझं ठाम मत आहे. 22 वर्षांच्या पोराला त्या वेळी कोणीतरी हाताला धरून बसवायला हवं होतं.

मग मिलानला गेला तर पहिल्या सीझनला लीगच्या जेमतेम 11 मॅच, बाकी ऑपरेशन आणि विश्रांती. त्यानंतर मात्र जो खेळला ना! 89च्या युरोपियन कप फायनलला स्टेआउआविरुद्ध दोन गोल याचे दोन गुलिटचे, 91-92 ला लीगमध्ये 25 गोल आणि मिलान अख्खा सीझन एकही मॅच हरलं नाही. नोव्हेंबर 92 ला स्वीडनच्या गोथेनबर्ग क्लबविरुद्ध एकट्याने चार गोल ठोकले, चॅम्पियन्स लीगच्या एका मॅचमध्ये चार गोल त्याआधी कोणीच केले नव्हते. आणि पुढच्याच महिन्यात परत ऑपरेशन टेबलवर. एप्रिलमध्ये कसाबसा परत आला, लीगच्या मोजक्या मॅच खेळला आणि मग 26 मे ला म्युनिकमध्ये ती फायनल. पाच वर्षांपूर्वी तो व्हॉली मारला ते हेच ऑलिम्पिक स्टेडियम. मिलान 0-1 हरलं, गोल बोलीचाच. शेवटची काही मिनिटं उरली असताना याला बाहेर काढलं, त्यानंतर तो मिलानकडून कधीच खेळला नाही.

फिजिओ_नाशिक
वरच्या उत्तरात थोडी भर घालते. घोट्याच्या सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चा असते, गुळगुळीत, तिच्यामुळे हाडं एकमेकांवर न घासता सरकतात. तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे एकदा झिजली की ती स्नायूसारखी भरून येत नाही. अशा घोट्यावर धावायचं, वळायचं, उडी मारून एका पायावर उतरायचं, वर आणखी लाथा खायच्या म्हणजे झीज वाढतच जाणार. म्हणून "एका टॅकलने संपला" हे मला पटत नाही, सहा-सात वर्षांचा हिशोब आहे तो. शेवटी शेवटी तर रात्री बाथरूमला जायचं तरी हातापायावर रांगत जावं लागायचं असं त्याने स्वतः सांगितलंय. 96 मध्ये घोट्याची हाडं एकमेकांना कायमची जोडून टाकली, त्याने वेदना थांबते पण सांधा हलत नाही. पुढे 98च्या वर्ल्डकपपासून समोरच्याला इजा होईल असा मागून मारलेला टॅकल म्हणजे थेट रेड कार्ड, हे रेफरींना बजावलं गेलं. याच्या पिढीच्या फॉरवर्डना ते संरक्षण मिळायला हवं होतं, फार उशीर झाला.

नऊ_नंबर
घोट्याबद्दल सगळे बोलतात पण खेळाबद्दल पण बोला की! युरो 88 ला हा आला तेव्हा पाठीवर नंबर 12, म्हणजे राखीव. सोव्हिएत युनियनविरुद्धची पहिली मॅच बेंचवरून सुरू, दुसऱ्या हाफमध्ये बदली म्हणून उतरला, हॉलंड 0-1 हरलं. दुसऱ्या मॅचला इंग्लंडविरुद्ध सुरुवातीपासून घेतला आणि हॅटट्रिक. सेमीफायनलला पश्चिम जर्मनीला त्यांच्याच घरात, हॅम्बुर्गमध्ये, अगदी शेवटी शेवटी गोल मारून घरी बसवलं. आणि मग फायनल, परत समोर सोव्हिएतच.

तो व्हॉली परत बघशील तेव्हा फक्त पायाकडे बघू नकोस. म्युहरेनचा क्रॉस डावीकडून इतका उंच आणि लांब आलाय की बॉल पार उजव्या कोपऱ्यात, जिथून गोल जवळजवळ दिसतच नाही. कोणीही तिथं बॉल थांबवून आत परत दिला असता. याने बॉल खाली येईपर्यंत वाट बघितली आणि दासायेवच्या डोक्यावरून लांबच्या कोपऱ्यात. दासायेव म्हणजे त्या काळातल्या सर्वोत्तम गोलकीपरांपैकी एक, त्याला हात लावायची संधीच नाही. बेंचवरचा कोच मिखेल्स चेहऱ्यावरून हात फिरवतोय, त्यालाही खरं वाटेना.

6 फूट 2 इंच उंची आणि वळायचा मात्र बुटक्या विंगरसारखा, दोन्ही पाय चालायचे, हेडर जबरदस्त. असा सगळं येणारा नऊ नंबर मी तरी नंतर बघितला नाही. 85-86 ला डच लीगमध्ये 26 मॅचमध्ये 37 गोल, आकडा परत वाच.

सांगलीकर_10
सगळ्यांचे मनापासून आभार, खूप नवीन कळलं. निरोपाची मॅच वगैरे झाली का रे त्याची? आणि नंतर कोचिंगमध्ये काय?

जुना_मिलानवाला
निरोपाला खेळायला घोटाच उरला नव्हता रे. ऑगस्ट 95 ला सॅन सिरोवर एका मॅचआधी जॅकेट घालून मैदानाला एक फेरी मारली, लोकांना हात केला, झालं. कोच कपेलो रडताना दिसतो, एरवी किती कडक माणूस तो. 2006 ला मिलानमधला जुना सहकारी अल्बर्टिनीच्या निरोपाच्या मॅचमध्ये थोडा वेळ उतरला आणि चक्क झेपावून हेडरने गोल केला, तो व्हिडिओ नक्की शोध.

कोच म्हणून 2004 ते 08 हॉलंड. युरो 08 ला इटलीला 3-0, फ्रान्सला 4-1 आणि मग रशियाकडून क्वार्टरला 1-3. पुढे 2014 ला एझेड या डच क्लबला ताण सहन होईना म्हणून स्वतःहून मुख्य कोचपद सोडून असिस्टंट झाला, मला त्याचा हा निर्णय फार आवडला.

मॅच बघायच्या तर आधी 88ची इंग्लंडवाली पूर्ण बघ, मग गोथेनबर्गवाली. त्यातला तिसरा गोल ओव्हरहेड किक आहे, म्हणजे पाठमोरा उडी मारून डोक्यावरून मारलेला, ऑपरेशनला महिनाच राहिला होता हे डोक्यात ठेवून बघ.