‘निषेध’ म्हणजे मनाई की नुसती नाराजी?

शब्दार्थी

कुठलंही पत्रक उघडा, ‘आम्ही या घटनेचा तीव्र निषेध करतो’ हे वाक्य असतंच, आणि बहुतेकदा पत्रक तिथेच संपतं. काय थांबलं पाहिजे, कोणी थांबवलं पाहिजे, याचा पत्ताच नसतो. माझ्या मते हा फक्त लिहिण्यातला आळस नाही. शब्दाचा अर्थच आपल्या हातून निसटला आहे.

‘नि’ उपसर्ग आणि ‘सिध्’ धातू. ‘नि’मधल्या इकारामुळे स चा ष झाला, ‘अभिषेक’मध्ये होतो तसाच. या सिध् चा अर्थ हाकलणे, मागे सारणे. मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा याचं शास्त्र मांडणाऱ्यांनी, त्या वाक्यांचे पाच प्रकार केले: विधी, मंत्र, नामधेय, निषेध आणि अर्थवाद. निषेधाचं त्यांचं ठरलेलं उदाहरण ‘न कलञ्जं भक्षयेत्’, म्हणजे कलंज नावाचा पदार्थ खाऊ नये. विधी माणसाला कृतीला लावतो, निषेध त्याला कृतीपासून परतवतो. जे वाक्य कुणाला कशापासूनही परतवत नाही, ते त्यांच्या लेखी निषेधच नाही.

आणि हा अर्थ मराठीत मेलेला नाही. ‘निषिद्ध’ म्हणजे आजही मना केलेलं. ‘त्याला कसलाच विधिनिषेध नाही’ असं आपण सहज बोलून जातो. हिंदीत तर ‘धूम्रपान निषेध’ म्हणजे सरळ धूम्रपानास मनाई. म्हणून माझा आग्रह आहे की ज्या निषेधात ‘हे थांबवा’ नाही, त्याला निषेध म्हणू नये. नापसंती म्हणा, खेद म्हणा.

अक्षरा

व्युत्पत्ती मान्य, निष्कर्ष साफ अमान्य. धातूवरून आजचा अर्थ ठरवायचा तर ‘शिक्षा’ म्हणजे शिकवण हेच मराठीत चालवावं लागेल, आणि ‘चेष्टा’ म्हणजे हालचाल. दोन्ही शब्द संस्कृतातून आले आणि मराठीत त्यांनी आपापली वेगळी वाट धरली. निषेधाचंही तेच झालं.

उलट मला तर हा बदल मोठा वाटतो. मनाई करायला अधिकार लागतो. शास्त्राने करावी, राजाने करावी, न्यायालयाने करावी. मराठीने तोच शब्द ज्याच्या हातात काहीच अधिकार नाही त्याच्या तोंडी दिला. कामावरून काढलेला माणूस दारात उभा राहून ‘निषेध असो’ म्हणतो, तेव्हा तो कुणालाही काही मना करू शकत नसतो. तुमचा निकष लावला तर त्याच्या हातून तो शब्दही जाईल.

शब्दार्थी

अक्षराताई, मी त्याच्याकडून शब्द काढून घेत नाहीये. ‘काढलेल्यांना परत घ्या’ एवढं त्याच्या फलकावर असतंच. तो खरा निषेध करतोय. माझा रोख सुरक्षित जागी बसून दोन ओळींत मोकळं होणाऱ्यांवर आहे.

रोखठोक

मग ‘धिक्कार’ का वापरत नाही कुणी? धिक् म्हणजे तिरस्काराचा उद्गार, त्याला कार जोडला की झाला धिक्कार. शब्दातच दम आहे. निषेध हा कागदी शब्द झालाय, सभ्य माणसांनी सभ्यपणे राग गिळण्याचा.

कलमदान

रोखठोक, धिक्कार माणसाचा होतो, निषेध कृत्याचा झाला पाहिजे. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘मंत्र्यांचा निषेध’ असं आपण लिहितो तिथेच घोळ सुरू होतो. एक तर मंत्र्यांनी केलेला की मंत्र्यांविरुद्ध केलेला हे ‘चा’वरून कळत नाही. दुसरं, मंत्र्यांचं नेमकं कोणतं काम नापसंत आहे ते झाकलं जातं.

लोकसभेच्या कामकाजात हा फरक स्पष्ट राखलेला आहे. अविश्वास ठराव संपूर्ण मंत्रिमंडळाविरुद्ध असतो आणि त्यात कारणं द्यावी लागत नाहीत. निंदाव्यंजक ठराव एकट्या मंत्र्याविरुद्धही आणता येतो, पण त्यात कारणं द्यावीच लागतात. तो संमत झाला म्हणून सरकार लगेच पडत नाही, पण दोष नेमका कशाचा, ते सभागृहाच्या दप्तरी राहतं. औपचारिक नापसंतीची ताकद आवाजात नसते, नेमकेपणात असते.

रोखठोक

दप्तरी राहून उपयोग काय? सरकार तर तिथेच राहतं!

अक्षरा

उपयोग सांगते, आणि हे शब्दार्थी यांनाही उत्तर आहे. आपण निषेध ‘करतो’ तसा ‘नोंदवतो’ही. हे क्रियापद उगाच आलेलं नाही.

थायलंड आणि कंबोडियाच्या सीमेवरचं प्रीह विहारचं मंदिर घ्या. 1904 च्या करारात सीमा पाणलोटाच्या रेषेने जाईल असं ठरलं होतं. पण कंबोडिया तेव्हा फ्रेंचांच्या अमलाखाली होता, आणि फ्रेंच अधिकाऱ्यांनी 1907 मध्ये काढलेल्या नकाशात मंदिर कंबोडियाच्या बाजूला दाखवलं गेलं. तो नकाशा सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला, मिळाला. तिथले गृहमंत्री राजपुत्र दामरोंग यांनी हरकत घेतली नाहीच, आभार मानून आणखी 15 प्रती मागवल्या. 1930 मध्ये ते स्वतः मंदिराला गेले, तेव्हा फ्रेंच अधिकाऱ्याने फ्रेंच झेंडा लावून त्यांचं स्वागत केलं. तरीही निषेध नाही. 15 जून 1962 रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 9 विरुद्ध 3 मतांनी मंदिर कंबोडियाचं ठरवलं, आणि त्या निकालात सयामचं हे मौन फार जड ठरलं.

दोन ओळींचा एक खलिता त्या वेळी गेला असता तर फ्रेंच लगेच मागे हटले असते असं नाही. पण ‘तुम्हाला हे मान्य होतं’ असं पुढे कुणाला म्हणता आलं नसतं.

कलमदान

याला जोड म्हणून: इंग्रजीतला ‘प्रोटेस्ट’ लॅटिनमधून आला, मूळ अर्थ लोकांसमक्ष साक्ष देणे. व्यापारी कायद्यात तो अर्थ अजून जिवंत आहे. आपल्या 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमात, म्हणजे हुंडी-धनादेशांच्या कायद्यात, हुंडी नाकारली गेली की नोटरी आधी तशी नोंद करतो (कलम 99) आणि मग प्रमाणपत्र देऊ शकतो (कलम 100). त्या प्रमाणपत्राचं नाव ‘प्रोटेस्ट’. त्यात राग नाही, मागणी नाही. अमुक दिवशी अमुक माणसाने नकार दिला, एवढी साक्ष.

शब्दार्थी

प्रीह विहारचं उदाहरण चोख आहे. पण त्यातही खलिता कशाबद्दल असता? ‘ही रेषा आम्हाला मान्य नाही, मंदिर आमच्याकडे दाखवा.’ म्हणजे परतवणं आलंच. नुसतं ‘नकाशा पाहून तीव्र दुःख झालं’ असं कळवलं असतं तर न्यायालयाने ते हरकत म्हणून धरलं असतं का?

अक्षरा

दुःखाचं पत्र चाललं नसतं, हे खरं. पण ‘मान्य नाही’ एवढे दोन शब्द पुरले असते, ‘दाखवा’ची गरज नव्हती. मागणी करणं प्रत्येकाला परवडत नाही. गावाने उघड मागणी केली तर पाणी तुटेल, कामगाराने केली तर रोजी जाईल. अशा वेळी नुसतं ‘मान्य नाही’ म्हणणाऱ्यालाही मी निषेधच म्हणणार, आणि तुमच्या पाच प्रकारांत तो बसत नसेल तर मराठीने सहावा केला असं धरा.

शब्दार्थी

‘मान्य नाही’ला माझी ना नाही, कारण त्यात निदान काय मान्य नाही हे सांगावं लागतं. ‘तीव्र’ या विशेषणाने ते काम होत नाही, एवढ्यावर तरी मी ठाम आहे.