मदत हवी आहे: चिलखती वाहनांतील सिरॅमिक आणि काच मुलांना कशी समजावावी?

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि विज्ञान प्रदर्शनासाठी बारावीच्या विद्यार्थ्यांकडून या विषयावर मराठीत मांडणी करून घेत आहे.

पोलादाची घनता सुमारे ७.८, तर अॅल्युमिना आणि बोरॉन कार्बाइड या सिरॅमिकची अनुक्रमे ३.९ आणि केवळ २.५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर असल्यामुळे वजन कसे वाचते, हे मुलांना लगेच पटते. अतिकठीण सिरॅमिक गोळीचे टोक बोथट करून फोडते, स्वतःही फुटते, आणि मागचा अॅरामिड (केव्हलरसारख्या अतिबळकट कृत्रिम) तंतूंचा थर उरलेले तुकडे झेलतो, हेही समजते. तडा एकाच फरशीपुरता राहावा म्हणून लहान षटकोनी फरश्या का जोडतात, हे तर गोव्यात कुणाही गवंड्याला सांगावे लागणार नाही.

अडचण काचेपाशी येते. पोकळ स्फोटकातून (ज्याच्या पुढच्या शंकूसारख्या पोकळीला तांब्याचे अस्तर असते अशा चिलखतभेदी स्फोटकातून) निघणारी तांब्याची धार सेकंदाला आठ-नऊ किलोमीटर वेगाने येते. तेथे पदार्थाच्या ताकदीपेक्षा घनतेला महत्त्व असायला हवे, तरीही काच तिच्या घनतेच्या मानाने या धारेला अधिक अडवते. चुरा झालेली काच फुगून छिद्रात परत घुसते व धार विस्कटते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

हे वर्गात, अर्थातच काच न फोडता, वाळू किंवा तांदळाच्या साहाय्याने दाखवण्याचा एखादा सुरक्षित प्रयोग कुणी केला आहे का? शिवाय, आघातामुळे चिलखताच्या आतल्या बाजूने उडणाऱ्या कपच्यांसाठी मराठीत रूढ असलेला शब्दही कृपया सुचवावा.