मदत हवी आहे: इथेनॉलचा डेल्टा एच व्हेप नक्की कोणता धरायचा? तीन आकडे, तीन उत्तरं

शिकवणीताई

नमस्कार मंडळी, केमिस्ट्रीवाले कोणी असतील तर जरा बघा. मी अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेते आणि एका साध्या गणितावरून अख्खी बॅच अडून बसलीये. गणित असं: २५ अंश सेल्सिअसला असलेलं ५० ग्रॅम इथेनॉल उकळून त्याची पूर्ण वाफ करायला किती उष्णता लागेल. पद्धत सगळ्यांना येते, आधी द्रव उकळीपर्यंत तापवायचा, मग त्याच तापमानाला त्याची वाफ करायची आणि दोन्हीची बेरीज.

पहिला भाग सगळ्यांचा सारखाच आला. ५० × २.४४ × ५३.४, विशिष्ट उष्मा २.४४ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश आणि उत्कलनबिंदू ७८.४ धरून, म्हणजे साधारण ६५१५ ज्यूल, ६.५ किलोज्यूल म्हणा. मोलही बरोबर, ५० भागिले ४६.०७ म्हणजे १.०८५. भांडण पुढे सुरू होतं, डेल्टा एच व्हेप, म्हणजे एक मोल द्रवाची त्याच तापमानाला वाफ करायला लागणारी उष्णता, किती धरायची यावरून. एकीने पुस्तकामागच्या तक्त्यातून ३८.५६ किलोज्यूल प्रति मोल घेतलं, तिचं उत्तर ४८.४ किलोज्यूल. दुसऱ्याने नेटवरच्या तक्त्यातून ४२.३ घेतलं, त्याचं ५२.४. तिसऱ्याने तक्ता बघितलाच नाही, त्याने क्लॉशियस-क्लेपेरॉनचं समीकरण (दोन तापमानांच्या बाष्पदाबांवरून डेल्टा एच व्हेप काढणारं) लावलं, २५ अंशाला बाष्पदाब ५९ मिलिमीटर आणि उकळताना ७६०, त्यावरून ४१.७ काढलं आणि उत्तर आलं ५१.८.

उत्तरसूचीत ४८.४ आहे, त्यामुळे बाकी दोघांना चूक म्हणून मोकळं होता येईल, पण मला ते पटत नाही. ४२.३ वाला तक्ताही चांगल्या ठिकाणचाच आहे, आणि तिसऱ्याची आकडेमोड मी ओळ न् ओळ तपासली, त्यात काहीच गडबड नाही. पाण्याचंही असंच दिसतं, एकीकडे ४०.७ आणि एकीकडे ४४.०. दहावीला आपण ५४० कॅलरी प्रति ग्रॅम शिकतो तो ४०.७ शी बरोबर जुळतो, मग ४४ कुठून आलं? पोरांना नुसतं "हे धरा" असं सांगायचं नाहीये, का धरायचं ते सांगायचंय. जाणकारांनी प्लीज प्रकाश टाका.

डिस्टिलरीवाला

ताई, मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत काम करतो, आमच्याकडे मोल वगैरे कोणी बोलत नाही, सगळं किलोवर. ३८.५६ ला ४६.०७ ने भागलं की ०.८३७ येतं, म्हणजे किलोला ८३७ किलोज्यूल, आम्ही हाच धरतो कारण कॉलममध्ये, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यात, अल्कोहोल उकळत असतं. पाण्याचा २२५७. म्हणजे कागदावर एक किलो वाफ थंड होऊन पाणी झाली तर पावणेतीन किलोच्या जवळपास इथेनॉल उकळायला हवं, प्रत्यक्षात तेवढं कधीच होत नाही, रिफ्लक्स, म्हणजे वर थंड होऊन द्रव झालेला भाग, परत खाली येतो तो पुन्हा उकळावा लागतो, सोबत पाणीही उकळतं. पोरांना एक नक्की सांगा, आकडा किलोज्यूल प्रति मोल असेल तर मोलनेच गुणायचं, ज्यूल प्रति ग्रॅम असेल तर ग्रॅमने. आमच्याकडे येणारे ट्रेनी सगळ्यात जास्त इथेच घसरतात. दोन आकड्यांचं कारण मात्र सरलोकांनी सांगावं.

निवृत्त मास्तर

तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त तिन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

डेल्टा एच व्हेप हा पदार्थाला कायमचा चिकटलेला आकडा नाही, तो तापमानाबरोबर बदलतो. ३८.५६ हा ७८.४ अंशाचा, म्हणजे इथेनॉल उकळतं तिथला. ४२.३ हा २५ अंशाचा. तापमान वाढवत गेलात की तो कमी कमी होत जातो आणि क्रांतिक तापमानाला, इथेनॉलसाठी साधारण २४१ अंश सेल्सिअस, शून्य होतो, कारण तिथे द्रव आणि वाफ यांच्यात फरकच उरत नाही. पाण्याचंही तेच, ४४.० हा २५ अंशाचा, ४०.७ हा १०० चा.

आता ५२.४ वाल्या मुलाकडे बघू. त्याने द्रव २५ वरून ७८.४ ला नेला, त्याची उष्णता मोजली, आणि मग वाफ करताना मात्र २५ अंशाचा आकडा लावला. म्हणजे मधेच रस्ता बदलला. एन्थाल्पी (डेल्टा एच मधला एच) ही अवस्थाफल आहे, म्हणजे तिचा फरक फक्त सुरुवात आणि शेवट यांवर ठरतो, रस्ता कुठलाही घ्या पण तो सलग पाहिजे. ४२.३ च वापरायचा असेल तर हरकत नाही, मग २५ अंशालाच वाफ करा आणि ती वाफ ७८.४ पर्यंत तापवा, द्रव तापवायचा नाही.

किती फरक पडतो तेही काढता येतं. द्रवाची मोलर उष्माधारकता, म्हणजे एक मोल एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता, ११२ ज्यूल, वाफेची ६५.६, फरक ४६ च्या पुढे. गुणिले ५३.४ म्हणजे अडीच किलोज्यूल. ४२.३ मधून अडीच गेले, ३९.८. बरोबर ३८.५६ येत नाही कारण द्रव तापतो तशी त्याची उष्माधारकता वाढत जाते आणि आपण ती स्थिर धरली, वाफही पूर्ण आदर्श नसते. पण उतार कुठल्या बाजूला आहे आणि का आहे ते पोरांना कळतं, आणि परीक्षेपेक्षा ते जास्त महत्त्वाचं आहे असं मला वाटतं.

शिकवणीताई

सर, खूप खूप आभार, "रस्ता सलग पाहिजे" हे मी उद्या फळ्यावरच लिहिणार आहे. आता तिसऱ्याचं सांगा ना, ४१.७ वाल्याचं, तो बिचारा सगळ्यात मेहनत घेऊन बसलाय. आणि एका मुलीने विचारलंय की सॅनिटायझर हातावर उडून जातो तेव्हा तर काहीच उकळत नाही, मग तिथे कोणता?

निवृत्त मास्तर

४१.७ हा २५ ते ७८.४ या पट्ट्यातला सरासरीसारखा आकडा आहे. ते समीकरण वापरताना आपण दोन गोष्टी गृहीत धरतो, या पट्ट्यात डेल्टा एच बदलत नाही आणि वाफ आदर्श वायूसारखी वागते. दुसऱ्या गृहीतकामुळे आकडा थोडा वर सरकतो, म्हणून तो मधोमध न येता ४२.३ कडे झुकलाय. त्या मुलाला शाबासकी द्या, दोन बाष्पदाबांवरून एवढं जवळ जाणं छान आहे. फक्त उकळण्याच्या गणितात उकळीचा आकडा मिळत असेल तर तोच घ्यायचा.

सॅनिटायझरला ४२.३ च्या आसपासचाच, ग्रॅमला ९१८ ज्यूल. मुलगी पुढे विचारेल की पाण्याला तर २५ अंशाला ग्रॅममागे २४४२ ज्यूल लागतात, मग अल्कोहोलच जास्त गार का लागतं. कारण वेग. २५ अंशाला पाण्याचा बाष्पदाब २४ मिलिमीटरच्या आत आणि इथेनॉलचा ५९, ते पटकन उडतं आणि तेवढ्या वेळात हातातली उष्णता भराभर ओढून नेतं.

आणि उद्या पाण्याचं गणित पोरांना स्वतः करायला द्या. ४४.० घ्या, द्रवाची ७५.३, वाफेची ३३.६, फरक गुणिले ७५ अंश, वजा करा. ४०.९ येतं, खरा ४०.६५. इथेनॉलपेक्षा हे बरंच जवळ जातं, कारण पाण्याची उष्माधारकता २५ पासून १०० पर्यंत जवळजवळ हलतच नाही.