कमी दिवसांचं बाळ आणि बाबा: अनुभवातून कळलेलं नेमकं लिहा

धागाकर्ता: बाळ ३७ आठवड्यांच्या आधीच आलेलं, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात). आई सिझेरियननंतर वॉर्डात, कधी तर वेगळ्याच हॉस्पिटलात. बाबा औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन बाहेर उभा. त्याने आत जाऊन काय करायचं? धीर देणारे प्रतिसाद नकोत, कृती हवी.

निशाचर: कांगारू मदर केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरणं. कोलंबियातल्या बोगोटात इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून १९७८ साली डॉ. एदगार रेय सानाब्रिया यांनी सुरू केलेली पद्धत. नावात आई आहे, पण ऊब बाबाच्या छातीचीही तितकीच चालते. पुढून उघडणारा शर्ट घाला, आत बनियन नको. बाळाला टोपी, लंगोट, मोजे एवढंच. छातीच्या मधोमध उभं धरायचं, पाय बेडकासारखे दुमडलेले, डोकं एका कुशीला, हनुवटी जराशी वर. मान पुढे वाकली की श्वासाची वाट दबते. नवे बाबा नेमके इथेच चुकतात, कारण बाळाचा चेहरा बघायच्या नादात ते त्याला खाली सरकवतात. वरून पट्टा किंवा मऊ उपरणं बांधा आणि मागे रेलून बसा. एका बैठकीला किमान तासभर तरी हवा. उचल-ठेव करण्यातच बाळाची शक्ती जाते.

वॉर्डातली ताई: त्याआधी अंगठी, घड्याळ, मनगटाचा गंडादोरा काढा. साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवा. अत्तर, बॉडी स्प्रे, तंबाखू बंद. सर्दी असेल तर त्या दिवशी सुट्टी घ्या, मग कितीही वाईट वाटो.

रेघोट्या: बाळ अजून बाहेर काढता येत नसेल तर? मऊ आवाजात बोलता येईलच, पण हात कसा लावावा?

वॉर्डातली ताई: कुरवाळू नका. हलक्या स्पर्शाने ही बाळं दचकतात. एक तळहात डोक्यावर, दुसऱ्याने दुमडलेले पाय धरायचे, आणि हात स्थिर. बोलायचं असेल तर तेव्हा थोपटू नका, एका वेळी एकच. बोटं फाकली, उचकी लागली, रंग उतरला की थांबा. आणि कृपा करून इनक्युबेटरवर फाइल आपटू नका, आत ढोल वाजतो!

वाटीचमचा: चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ गर्भारपणाच्या हिशोबाने साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. तोवर नळी, मग बोंडलं. बोंडलं उकळून घ्या, बाळाला अर्धवट बसतं धरा, दूध ओठाशी न्या. ओतलं की ठसका लागतो. सिस्टरांसमोर शिकून मगच घरी.

अंकगणित: वाढ मोजताना वय सुधारून धरा. ३२ आठवड्यांना, म्हणजे आठ आठवडे आधी जन्मलेलं बाळ पाच महिन्यांचं झालं तर तीन महिन्यांचंच समजायचं, दोन वर्षांपर्यंत. लसींना मात्र जन्मतारीखच.

निशाचर: डोळ्यांच्या तपासणीची तारीख बाबाने स्वतःच्या फोनमध्ये टाकावी. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर पडद्याची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांत. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमखालचं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. मधेच डिस्चार्ज झाला की हीच तारीख निसटते. कानांची बेरा तपासणीही (ऐकू येतं का ते पाहणारी) त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या.