दोन पडद्यांचा लॅपटॉप : कीबोर्ड खरंच जाणार का?

लातूरकर: ओएलपीसी या गरीब मुलांसाठी स्वस्त लॅपटॉप बनवणाऱ्या संस्थेनं २००८ मध्ये शाळकरी पोरांसाठी एक्सओ-२ या लॅपटॉपचा नमुना दाखवला. पुस्तकासारखं उघडायचं, दोन्हीकडं टचस्क्रीन, कीबोर्ड नाहीच. ते बाजारात आलंच नाही. मायक्रोसॉफ्टचा ‘कुरिअर’ नावाचा तसाच दोन पडद्यांचा प्रकल्प २०१० मध्ये गुंडाळला. पण लेनोवोचा योगा बुक ९आय २०२३ मध्ये विक्रीला आला : १३.३ इंचाचे दोन ओएलईडी पडदे (यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो). माझ्या मते याचा खरा फायदा मराठी टाइप करणाऱ्यांना. खालच्या पडद्याच्या काचेवर कीबोर्डचं चित्र येतं, त्यात इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळमांडणी) निवडलं की कळांवर मराठी अक्षरं येतात, शिफ्ट दाबलं की ५ वर ज्ञ, ७ वर क्ष. स्टिकर चिकटवायची कटकट नाही. येत्या दहा वर्षांत कीबोर्ड लॅपटॉपचा भाग राहणार नाही, लिहून ठेवा.

परभणी टंकलेखन: दादा, कळांवरची अक्षरं शिकाऊला लागतात. हात बसलेला माणूस खाली बघतच नाही. एफ आणि जे वर बारीक उंचवटा असतो, इन्स्क्रिप्टमध्ये तिथं ऱ्हस्व वेलांटी आणि र. तर्जन्या तिथं टेकल्या की बाकी बोटं आपोआप जागेवर. काचेवर बोट टेकलं की अक्षर उमटतं, म्हणून हात अधांतरी धरावे लागतात आणि थोड्या वेळात मनगटं भरून येतात. शिवाय डी वरचा हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) नीट लागला नाही की ‘प्रत’ची ‘परत’ होते. स्पेलचेकला दोन्ही शब्द बरोबर! लिपिक-टंकलेखकाला मिनिटाला मराठी ३० शब्द लागतात. काचेवर काढून दाखवा, मग बोलू.

जालना रिपेअरिंग: त्यात ओएलईडी. कीबोर्डचं चित्र रोज आठ-आठ तास एकाच जागी राहिलं तर कळांच्या रेघा पॅनलवर कायमच्या उमटू शकतात. दुसरं म्हणजे आपल्याकडची धूळ. बंद करताना काचेवर काच येते, मध्ये वाळूचा कण राहिला की चरा पडलाच. साध्या लॅपटॉपचा कीबोर्ड वेगळा बदलता येतो. इथं काच, टच आणि पॅनल एकत्र चिकटवलेलं, खालची नुसती काच फुटली तरी तो अख्खा पडदा बदला.

लातूरकर: काळी थीम लावा, उजेड कमी ठेवा, कीबोर्ड काम झालं की लपवा. रेघांचा धोका बराच कमी होतो. आणि टायपिंगसाठी त्याच्याबरोबर ब्लूटूथ कीबोर्ड येतोच की.

परभणी टंकलेखन: मग कीबोर्ड गेला कुठं, राव?

लातूरकर: बॅगेत! लागेल तेव्हा काढायचा. यंत्र उभं करून डावीकडं सातबारा, उजवीकडं फॉर्म ठेवा. गट नंबर बघायला सारखं ऑल्ट-टॅब नको. सेवा केंद्रावर दिवसभर हेच तर चालतं.

संभाजीनगर डीटीपी: दोन पडदे पाहिजेत हे मान्य. पण त्यासाठी १५.६ इंचाचा पोर्टेबल मॉनिटर आहे ना, त्या यंत्राच्या किमतीपुढं काहीच नाही. घेण्याआधी एवढंच बघा : लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमधून डिस्प्ले निघतो का. सगळ्यांतून निघत नाही, आणि नुसत्या चार्जिंगच्या केबलवर ‘नो सिग्नल’ येतं. तसं असेल तर एचडीएमआय लावा, मॉनिटरला पॉवर वेगळी द्या.

जालना रिपेअरिंग: आणि लाइट गेल्यावर? ओएलईडीवर पांढरं पान सगळ्यात जास्त वीज खातं, फॉर्म तर सगळे पांढरेच. तिथं दोन पडदे बॅटरीवर किती टिकतील?

संभाजीनगर डीटीपी: म्हणूनच तर सुटा मॉनिटर. लाइट गेली की केबल काढायची, लॅपटॉप एकटा चालवायचा.

लातूरकर: खालचा पडदा इथंही बंद करता येतो, भाऊ.

परभणी टंकलेखन: मग एकाच पडद्याचा घ्या की, तेवढ्या पैशात दोन येतील.